अंधार होता म्हणून

२०१७ साली इथं लंडनच्या बार्बिकन केंद्रात मी ‘इनकमिंग’ पाहिलं. रिचर्ड मॉस या आयरिश कलावंताचं काम. काळोख्या दालनात तीन मोठे पडदे. त्यावर लिहायचं कधीचं मनात होतं.

मॉसनं त्याचं चित्रण लष्करी कॅमेऱ्यानं केलं. हा कॅमेरा उजेड नाही, अंगातली ऊब टिपतो, तीही ३० किलोमीटरवरून. म्हणजे धाराशिवला उभं राहून पार तुळजापूरच्या पुढच्या रानातला माणूस दिसावा! कायद्यानं त्याची गणती शस्त्रांत होते. सीमेवर पहारा देणारं हे यंत्र मॉसनं युरोपकडं निघालेल्या निर्वासितांवर रोखलं. पडद्यावर होड्या, छावण्या, राखाडी अंगांची माणसं. गोरं-सावळं काही कळत नाही. दुरून कुणी आपल्याला न्याहाळतंय याचा त्यातल्या कितीतरी जणांना पत्ताच नाही. मला बघवेना, अन् उठवेनाही.

रात्री घरी फोन केला. आजी तेव्हा ८१ वर्षांची. १९४८ साली ती बारा वर्षांची होती. आमचं गाव निजामाच्या राज्यात, बार्शी मुंबई प्रांतात. बार्शीच्या बाजाराला जायचं तर वाटेत करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका. नाकेदार गाठोडं सोडायला लावायचा. इकडं निजामाचा रुपया, हाली सिक्का; तिकडं इंग्रजी रुपया, कलदार. रझाकारांची दहशत वाढली तेव्हा घरची सगळी नाका चुकवून, आडरानातून, रातोरात बार्शीला गेली. कंदील विझवलेला. धाकट्या भावाच्या तोंडावर पणजीनं हात दाबून धरलेला.

कॅमेऱ्याचं ऐकून आजी बराच वेळ गप्प राहिली.

“अंधार व्हता म्हून निभावलं, माय. ह्याला अंधारातबी दिसतंय म्हनल्यावर मानसानं लपावं कुठं?”

व्हिसासाठी मी दहाही बोटांचे ठसे मुकाट्यानं दिले होते. आपण काही चोरी केली नाही, मग कशाची भीती, असंच मी म्हणायचे. आता तसं म्हणवत नाही. बारा वर्षांच्या त्या पोरीनं तरी काय चोरलं होतं? मॉसनं त्या माणसांना न विचारता टिपलं, हे मला अजूनही खुपतं. पण पहारेकऱ्याला माणूस कसा दिसतो, ते मला त्याच्यामुळंच कळलं.

फोन ठेवताना आजीनं विचारलं, “अन् त्या होड्या लागल्या का काठाला?”

“काही लागल्या, आजी.”