फोडातला दोरा

वडकी नाल्याला विसावा झाला, घाट चढायच्या आधी बायाबापड्यांनी चपला काढल्या, आणि सगळ्या दिंडीच्या पायांचा हिशेब एकदम समोर आला. खरं तर आळंदी सोडल्यापासून चालण्याचा हा दुसराच दिवस. पण पुणे ते सासवड हा वारीतला सगळ्यात लांब टप्पा, 30 किलोमीटरच्या आसपास, वर दिवेघाट आणि वरून एकादशी. औषधाची पेटी माझ्याकडे होती, म्हणून पाय माझ्याकडे आले.

आमच्या मागच्या दिंडीतली एक मावशी टाच पुढे करून बसली. टाचेवर रुपयाएवढा फोड, आणि त्यात आरपार ओवलेला काळा दोरा. दोन्ही टोकं बाहेर, गाठ मारलेली. "पाणी गळून जातं माउली, आमची सासू असंच करायची." पाणी गळतं हे खरं. पण ज्या वाटेनं पाणी बाहेर येतं, त्याच वाटेनं रस्त्याची घाण आत जाते. दोरा वातीसारखा ओढून घेतो. तिच्या फोडाच्या कडेला लाली आली होती, अजून पू नव्हता.

गाठ कापून दोरा हळूच ओढून काढला. साबणाच्या पाण्यानं टाच धुतली, कोरडी केली, बेटाडिन लावलं. वरची कातडी मात्र तशीच ठेवली. लोक ती सोलून काढतात आणि मग पाऊल टेकवत नाही. ती सुटी वाटली तरी आतल्या कोवळ्या कातडीचं पांघरूण तीच असते. फोड लहान असेल, दुखत नसेल, तर हात लावायचाच नाही. टणक होऊन चालू देत नसेल तर हात धुवून, पाकिटातली नवी सुई घेऊन, खालच्या कडेला दोन ठिकाणी आडवं टोचायचं आणि स्वच्छ गॉजनं दाबून पाणी काढायचं. काडीच्या ज्योतीवर धरलेल्या सुईला काजळी लागते, तीच मग आत जाते. वर गॉज, त्यावर जाड पट्टीचा तुकडा मेदूवड्यासारखा मधे भोक पाडून, म्हणजे भार कडेवर पडतो, फोडावर नाही. मधुमेह असलेल्याचा फोड मी टोचत नाही. त्याला दुखत नाही म्हणून तो चालत राहतो, आणि गोम तिथेच आहे. त्याला थेट आरोग्य पथकाकडे न्यायचं.

राग कशाचा येतो सांगतो. फोड यायच्या आधी बराच वेळ तिथे चटका बसल्यासारखं होतं. नेमकं तेव्हा पाच मिनिटं थांबून कोरड्या कातडीवर चिकटपट्टी लावली की पुढचं सगळं टळतं. पण ओळ सोडायची नाही, टाळ थांबवायचा नाही. "माउली चालवतात" असं म्हणतात आणि संध्याकाळी दोघांच्या खांद्यावर येतात.

पेटीतलं पाणी संपत आलं होतं. रस्त्याकडेच्या घरातून एक बाई घमेल्यात कोमट पाणी आणि अंगाच्या साबणाची वडी घेऊन आली. कुठली दिंडी, कुठलं गाव, काही विचारलं नाही. एकेकाचा पाय मांडीवर घ्यायची, बोटांच्या बेचक्यांतला चिखल काढायची, जुन्या सुती लुगड्याच्या धडप्यानं पुसायची. प्रत्येकाला वेगळं धडपं. हे तिला कुणी शिकवलं असेल? पाय पुसून झाला की त्याच पायावर डोकं टेकवायची. घमेल्यातलं पाणी चार वेळा बदललं तिनं. माझ्या पेटीपेक्षा त्या दुपारी तिचं लुगडं जास्त उपयोगी पडलं.

घाटात एकाच्या पोटऱ्यांत गोळे आले. अंग घामानं निथळलेलं, सकाळपासून चार चहा आणि थोडी साबुदाण्याची खिचडी. तळवा वर ओढून पोटरी ताणली, आणि ओआरएस. यावरही वाद: एकादशीला मीठ? ज्याला साधं मीठ चालत नाही त्याला शेंदेलोण चालतं. भांडत बसायचं नाही. पाकीट अख्खं, एक लिटर पाण्यात. अर्धं पाकीट ग्लासात ओतून जास्त खारट करण्यात नुकसानच आहे. घरी करायचं तर एक लिटरला सपाट सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. दुकानातले गोड रंगीत डबे म्हणजे ओआरएस नव्हे. लघवी गडद पिवळी झाली किंवा सहा-आठ तास झालीच नाही, तर पाणी कमी पडतंय. आणि मधुमेहाची गोळी घेऊन उपवास केलेला माणूस थरथरायला लागला, घाम फुटला, भलतंच बोलू लागला, तर आधी तीन चमचे साखर पाण्यात. त्याचा उपवास मोडल्याचं पाप मी घेतो. गिळता येत नसेल तर मात्र तोंडात काही घालायचं नाही.

सासवड, जेजुरी, वाल्हे. नीरास्नान झालं आणि पाऊस लागला.

पावसानं चिखल्या आल्या. बोटांच्या बेचक्यांत कातडी पांढरी, भिजलेली, चिरलेली. रात्री पाय धुवून पुरते कोरडे करायचे, क्लोट्रिमॅझोलचं मलम, ओले मोजे उशाला ठेवून सकाळी तेच चढवायचे नाहीत. खाज थांबल्यावरही मलम दोन आठवडे चालू ठेवायचं. झटपट खाज थांबवणारी मिश्र मलमं मिळतात, त्यांत स्टेरॉइड असतं. खाज थांबते आणि बुरशी आतल्या आत पसरते.

सगळ्यात जास्त मागणी दुखण्याच्या गोळीची. "दोन द्या, उद्याची पण." उपाशी पोटी, पाणी कमी प्यायलेल्या म्हाताऱ्या माणसानं रोज डायक्लोफेनॅक घेतलं तर पोट आणि मूत्रपिंड दोन्ही धोक्यात. मी पॅरासिटामॉल देतो, त्यावर तोंडं वाकडी होतात. तापाला तर तेवढंच; ताप डेंग्यूचा असला तर दुसऱ्या गोळ्या रक्तस्राव वाढवू शकतात.

तरडगावच्या पुढे एका रात्री राहुटीत कुणीतरी पोट धरून उठलं. उलटी, जुलाब काही नाही. सगळे म्हणाले अपचन. शेतात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीनं उठला, तर मी आधी पापण्या बघतो. मण्यार हा विषारी साप चावला तर आग होत नाही, खूण दिसेलच असं नाही. पापण्या जड, गिळायला त्रास, बोलणं जड, असं दिसलं की दोरी नाही, चिरा नाही, मांत्रिक नाही. माणसाला चालू-हलू द्यायचं नाही आणि 108 ला फोन. त्या रात्री पापण्या ठीक होत्या. दुपारचं आंबलेलं खाणं निघालं, पण उजाडेपर्यंत दर दहा मिनिटांनी "वर बघा, बोला" चाललं होतं. नंतर काकडा सुरू झाला आणि तो टाळ घेऊन उभा राहिला. मी मात्र डोळे चोळत शिव्या गिळल्या.

वाखरीच्या रिंगणात मागच्या दिंडीतली मावशी दिसली. टाच पुढे केली: जुनी कातडी वाळून निघालेली, खाली गुलाबी कोवळी. "बरी झाली की माउली." सुई मात्र अजून पदराला टोचलेली होती, काळा दोरा ओवलेला.