तुम्ही विचारलंत म्हणून: गोळी सुरू केल्यावर ताप का वाढला?

मुलगा अमेरिकेत कनेटिकटला, आई-वडील विश्रामबागेत. तिकडे गोचीड चावून लाइम हा जिवाणूंचा आजार झाला, डॉक्सीसायक्लिन हे प्रतिजैविक सुरू केलं आणि त्याच रात्री हुडहुडी भरली, की इकडे सांगलीत विचारणा सुरू होते. कुणी म्हणतं, "औषध मानवलं नाही, बंद करायला सांगू का?" कुणी म्हणतं, "रोग बाहेर पडतोय, म्हणजे चांगलंच ना?" दोघांनाही मी एकच प्रश्न विचारतो. पहिली गोळी किती वाजता घेतली आणि थंडी किती वाजता वाजली? कोरडं बोलतो अशी माझ्याबद्दल तक्रार आहे. असू दे, पण निदान इथंच होतं.

लाइमचा बोरेलिया हा मळसूत्री जिवाणू. महापुरानंतर ज्याची धास्ती असते तो लेप्टो आणि सिफिलिसचा जंतूही त्याच कुळातले. प्रतिजैविकानं हे जिवाणू एकदम मोठ्या संख्येनं मरतात, फुटतात. त्यांच्या आवरणातली द्रव्यं रक्तात उतरतात आणि आपलीच प्रतिकारशक्ती खवळते. ताप येतो तो या खवळण्याचा. डॉक्टर यारिशनं १८९५ मध्ये आणि डॉक्टर हर्क्सहायमरनं १९०२ मध्ये हा प्रकार सिफिलिसमध्ये नोंदवला; हर्क्सहायमरच्या नावावरून त्याला थोडक्यात 'हर्क्स' म्हणतात. तेव्हा पेनिसिलिन नव्हतं, उपचार पाऱ्याचा होता.

आता ती रात्र. पहिल्या मात्रेनंतर काही तासांत थंडी वाजते, मग ताप चढतो. डोकं ठणकतं, अंग मोडून येतं, नाडी जलद चालते. कातडीवरचा लाल चट्टा आणखी लालभडक होतो, आणि घरचे घाबरतात ते बहुतेक त्यालाच. मग घाम फुटतो आणि साधारण चोवीस तासांत सगळं ओसरतं. लाइममध्ये हे शंभरातल्या साधारण पंधरा जणांना होतं. म्हणजे ताप चढला नाही तर औषध लागू पडलं नाही, असं समजू नका. पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, विश्रांती, आणि पुढची मात्रा ठरल्या वेळेला. पुढच्या मात्रांना असा तडाखा सहसा बसत नाही, कारण मरायचे ते बरेचसे पहिल्या फेरीतच मेलेले असतात. रोगी गरोदर असेल तर मात्र तिच्या डॉक्टरांना लगेच कळवायचं.

अंगावर पित्त उठलं, ओठ सुजले, श्वास लागला, तर ती ॲलर्जी. औषध थांबवून थेट इस्पितळ गाठायचं. चक्कर येऊन पडणं, छातीचे ठोके चुकणं, तोंड वाकडं होणं हा खुद्द लाइमच हृदयात किंवा मज्जातंतूंत पोचल्याचा इशारा असू शकतो. तिथं "रोग बाहेर पडतोय" म्हणून वाट बघत बसणं धोक्याचं.

खरा वाद तिसऱ्या महिन्याचा. "अजून हर्क्स चालू आहे," असं सांगत लोक प्रतिजैविक वाढवून घेतात. हर्क्स महिनोन्महिने चालत नाही. उपचारानंतरही थकवा आणि सांधेदुखी काहींना उरते, ती खोटी नाही, मनाची तर अजिबात नाही. ती का उरते यावर एकमत नाही. पण लांबवलेल्या प्रतिजैविकांचा टिकाऊ फायदा चाचण्यांमध्ये दिसला नाही, आणि औषध शिरेतून दिलं तर तिथल्या नळीमुळे जंतुसंसर्ग किंवा गुठळी होण्याचा धोका खरा आहे. हे ऐकून तुम्ही माझ्यावर रागावता. तिसऱ्या महिन्यालाही अंग दुखत असलेल्या माणसाला माझं उत्तर अपुरं वाटणारच, हे मलाही मान्य आहे.

आणि आपल्याकडची खास सवय, "गोळी गरम पडते, दुधाबरोबर घे". दुधातलं कॅल्शियम डॉक्सीसायक्लिनचं शोषण कमी करतं. लोहाच्या गोळ्या आणि अँटासिडही तेच करतात. झोपताना घोटभर पाण्याबरोबर घेतली तर गोळी अन्ननलिकेत अडकून तिथं जखम करते, गिळताना छातीत आग होते, आणि त्याचंही खापर हर्क्सवर फुटतं. पेलाभर पाणी घ्यायचं, अर्धा तास आडवं व्हायचं नाही, उन्हात कातडी भाजते म्हणून अंगभर कपडे घालायचे. दूध द्यायचंच असेल तर दोन तासांनी.