डाऊनीच्या प्रथिनाचा आकार

रात्रभर अवकाळी पडला होता. सकाळी प्रयोगशाळेत आलेल्या माझ्या एमएस्सीच्या विद्यार्थिनीचे डोळे लाल होते. तिचं घर दिंडोरीकडे. गोडी छाटणीला चाळीस दिवस झालेले, द्राक्षबाग फुलोऱ्यात, आणि वडील पहाटेपासून फवारणीला. "मॅडम, पानांवर तेलकट डाग दिसायला लागलेत," एवढं बोलून ती संगणकासमोर बसली.

तेलकट डाग म्हणजे डाऊनी. नाशिकच्या द्राक्षवाल्याला याहून जास्त सांगावं लागत नाही. तिचा प्रकल्प त्याच रोगावर होता. प्लाझ्मोपारा व्हिटिकोला हा जीव बुरशीसारखा दिसतो, पण खरी बुरशी नाही. वेलीच्या पेशींमध्ये तो काही प्रथिनं सोडतो आणि वेलीची प्रतिकारशक्ती दडपतो. त्यातलं एक आम्ही निवडलं होतं, कारण त्याच्या अमिनो आम्लांचा क्रम ओळखीच्या कोणत्याच प्रथिनाशी जुळत नव्हता. आदल्या संध्याकाळी तिने संगणक त्याच्या रचनेचा अंदाज काढायला लावून ठेवला होता.

पडद्यावर आकार आला. सुरुवातीचं शेपूट नारिंगी, म्हणजे भरवशाचं नाही. पुढचा भाग मात्र गडद निळा, चार हेलिक्स, म्हणजे मळसूत्रासारखी वेटोळी, एकमेकींना टेकून उभ्या. साखळीची अशी घडी पडण्याच्या तऱ्हेला फोल्ड म्हणतात. "मॅडम, हा फोल्ड नवीन असेल?"

"असू शकतो," मी म्हणाले. असं बोलायला नको होतं. क्रम जुळत नाही म्हणजे आकारही नवा, हा निष्कर्ष मी वर्गात कुणाला काढू देत नाही. साड्या अगणित, पण नेसायच्या तऱ्हा मोजक्या, हे मीच शिकवते. प्रथिनांच्या रचनांचे अभ्यासक सायरस चोथिया यांनी १९९२ मध्येच मांडलं होतं की बहुतेक प्रथिनं साधारण एक हजार कुळांत बसतील. प्रथिनांच्या रचनांच्या 'स्कोप' या वर्गीकरणात २००९ मध्ये १,१९५ फोल्ड होते. त्यानंतर प्रयोगाने उलगडलेल्या रचना दोन लाखांच्या पुढे गेल्या, तरी खरोखर नवा फोल्ड क्वचितच हाती लागतो.

म्हणून सगळे सापडले, असं मात्र मी म्हणणार नाही. ज्यांचे स्फटिक सहज बनतात ती प्रथिनं आधी मोजली गेली. पेशीपटलात रुतलेली मागे राहिली. शिवाय २००३ मध्ये डेव्हिड बेकर यांच्या गटाने 'टॉप७' हे ९३ अमिनो आम्लांचं प्रथिन घडवलं, आणि त्याचा फोल्ड निसर्गात तोवर कुणी पाहिलेला नव्हता. निसर्गाने शक्य ते सगळे आकार वापरलेत, असं मानायला म्हणूनच जागा नाही. सर्रास आढळणारे फोल्ड आपल्याला माहीत झालेत, दुर्मीळ कुठेतरी कोपऱ्यात बसलेत, असं माझं मत आहे. बेकर यांना २०२४ चं नोबेल मिळालं तेव्हा वर्गात यावर तासभर वाद झाला होता.

तिने या आकाराशी जुळणारी प्रथिनं शोधायला लावली. काही मिनिटांत उत्तर आलं: बटाट्याच्या करप्याच्या जिवाचं एक प्रथिन, २०११ मध्ये उलगडलेलं. आयर्लंडमध्ये १८४५ पासून दुष्काळ पाडणारा तोच करपा. या फोल्डला 'डब्ल्यूवाय' म्हणतात, कारण आकाराच्या गाभ्यात ट्रिप्टोफॅन (क्रमात अक्षर डब्ल्यू) आणि टायरोसिन (अक्षर वाय) ही अमिनो आम्लं ठरावीक जागी बसतात.

तिचा चेहरा उतरला. मग तिने आपला क्रम उघडला आणि बोट ठेवत मोजायला लागली. डब्ल्यू सापडला. पुढे वायही. बाकीची अक्षरं पार बदललेली, आणि ही दोन जागच्या जागी.

"मॅडम, म्हणजे बटाट्याचा आणि द्राक्षाचा रोग एकाच घडणीचं हत्यार वापरतात?"

क्रमाने जे नातं लपवलं होतं ते आकाराने दाखवलं. नवा फोल्ड निघाला असता तर आम्हाला एक नाव द्यायला मिळालं असतं. जुना निघाला म्हणून चौदा वर्षांचा अभ्यास आयता हाती आला. करप्याच्या प्रथिनावर जे कळलंय ते आता डाऊनीवर तपासून पाहता येईल. मला त्या दिवशी हेच जास्त मोलाचं वाटलं, आजही वाटतं.

दुपारी तिने घरी फोन लावला. पलीकडून वडिलांनी काय विचारलं ते तिच्या उत्तरावरून कळलं. "नाही पप्पा, औषध इतक्यात नाही निघत. पण ते आत जाऊन काय करतं, ते शोधतोय."

संध्याकाळी तिने यादीतली उरलेली प्रथिनं लावली. त्यातल्या दोन प्रथिनांना आजवर कुठेच जोड सापडलेली नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "पुन्हा एकदा चालव."