कंपनीचा काटा

मी जलसंपदा खात्यात उपअभियंता आहे. पाण्याची पाळी सोडणं, शेतात पाणी नेणाऱ्या चाऱ्यांवरची भांडणं मिटवणं, कालव्याच्या शेपटाच्या शेतकऱ्याला पाणी का पोचलं नाही याचा जाब देणं, यातच नोकरीची वीस वर्षं गेली. त्यामुळे शेतकऱ्यांच्या अभ्यासदौऱ्याबरोबर तैवानला जायला मिळालं, तेव्हा मला एकच जागा बघायची होती. ताइनानजवळचं वुशानतौ धरण.

तैवान जपानची वसाहत असताना जपानी अभियंता हात्ता योइची यांनी 1920 ते 1930 या दहा वर्षांत हे धरण बांधलं. मातीची भिंत 1273 मीटर लांब आणि 56 मीटर उंच. आपण मातीचं धरण थर टाकून, रोलर फिरवून दाबत नेतो. इथे रेल्वेनं आणलेला दगडमातीचा भराव दोन्ही कडांना ओतला आणि त्यावर जोरात पाणी मारलं. बारीक चिकणमाती वाहत आत आली, मधोमध साचली, आणि तोच धरणाचा गाभा झाला. मी भिंतीवर उभा राहून हे आमच्या मंडळींना सांगत होतो आणि खरं सांगायचं तर माझा ऊर भरून आला होता. खालच्या चियानान मैदानात सुमारे 16,000 किलोमीटर कालवे आणि चाऱ्या, दीड लाख हेक्टर जमीन.

पाण्याजवळ हात्तांचा पुतळा आहे. चौथऱ्यावर दिमाखात उभा नाही. जमिनीवर बसलेला, एक गुडघा वर, कोपर त्यावर आणि बोटं केसांत, गणित सुटत नसल्यासारखी. मागे नवरा-बायकोची समाधी. 2017 मध्ये कुणीतरी या पुतळ्याचं डोकं कापून नेलं होतं. 8 मे या त्यांच्या स्मृतिदिनाआधी ते पुन्हा बसवलं गेलं.

थोडं पुढे बांधकामात गेलेल्यांचा स्मृतिस्तंभ आहे. 134 नावं. 1922 मध्ये बोगद्यात वायूचा स्फोट झाला, त्यात एका वेळी पन्नासहून अधिक माणसं गेली. आमच्याबरोबरचे तिथले एक निवृत्त कालवा कर्मचारी म्हणाले, "नावं बघा. जपानी आणि तैवानी वेगळी काढलेली नाहीत. ज्या क्रमानं गेले त्या क्रमानं कोरलीत." मी बराच वेळ तिथून हललो नाही. राज्यकर्त्यांच्या वसाहतीत अशी रांग लावायला मन मोठं लागतं.

तिथून निघालो आणि पाणीवाटपावर बोलणं आलं. पाणी एका वर्षी सगळ्या जमिनीला पुरण्यासारखं नव्हतं, म्हणून हात्तांनी तीन वर्षांचं चक्र आखलं. एका वर्षी भात, एका वर्षी ऊस, एका वर्षी कमी पाण्याची पिकं. प्रत्येकाला पाळीपाळीनं. मला लगेच विश्वेश्वरय्यांची ब्लॉक पद्धत आठवली. मुंबई इलाख्यात असताना दख्खनच्या कालव्यांवर त्यांनी उसाला एक हिस्सा ठरवून बाकी क्षेत्र इतर पिकांना ठेवलं होतं. दोन वसाहती, दोन अभियंते, विचार जवळजवळ एकच. मी उत्साहानं ते बोललोही.

तेव्हा आमच्यातले सत्तरीचे एक अण्णा, स्वतः ऊसवाले, म्हणाले, "साहेब, पाळी ठीक हाय. पन ऊस घालायचा कुनाला?"

त्या निवृत्त कालवा कर्मचाऱ्यांनी उत्तर द्यायच्या आधी एक तैवानी म्हण सांगितली. दुभाष्यानं ती दोनदा समजावली. पहिल्या नंबरचा मूर्ख कोण, तर ऊस लावून कंपनीच्या काट्यावर वजनाला नेणारा.

अण्णा थबकले. "म्हंजे काटा तिथंबी मारत्यात?"

मग पुढचा अर्धा तास आम्ही झाडाखाली बसून होतो. 1895 मध्ये जपाननं चीनला हरवून शिमोनोसेकीच्या तहानं तैवान घेतलं. पाश्चात्त्य देशांनी स्वतःवर लादलेले विषम तह अजून पुरते सुटले नव्हते, अशा देशानं. साखर बाहेरून विकत घ्यायला त्यांचा पैसा जात होता, म्हणून इथे साखर कारखाने उभे राहिले. 1905 पासून कारखान्यांना क्षेत्रं वाटून दिली. त्या क्षेत्रातला ऊस त्याच कारखान्याला घालायचा. भाव कारखाना ठरवणार, वजनही तोच करणार. 1925 मध्ये एर्लिन गावच्या शेतकऱ्यांनी भाव आधी सांगा, मगच तोड करा, म्हणून उसाच्या फडात अडवणूक केली, तर पोलिस आले आणि शेतकरी तुरुंगात गेले. भाताचंही तेच. 1918 मध्ये जपानमध्ये तांदळावरून दंगे झाले आणि तैवानचा तांदूळ जास्त लागू लागला.

आणि जे मी पुस्तकात वाचूनही कधी जोडलं नव्हतं ते त्यांनी हातानं डोंगराकडे दाखवून सांगितलं. जपानी राजवटीविरुद्धचा तापानीचा उठाव तिकडचा, 1915 चा. 800 हून अधिक जणांना फाशीची शिक्षा सुनावली गेली. बऱ्याच जणांची नंतर कमी झाली, तरी गेलेले पुष्कळ. त्यानंतर पाचच वर्षांनी या भिंतीचं काम सुरू झालं.

मी विचारलं, "मग तुम्ही 8 मेला इथे येता का?"

"दरवर्षी. माझ्या आजोबांच्या रानात पहिलं पाणी याच कालव्यानं आलं. आणि म्हणही आजोबांनीच शिकवली."

सकाळी भिंतीवर मी जे बोललो होतो त्यातला एक शब्दही मला मागे घ्यावासा वाटला नाही. पण पाण्याच्या गणितात मी रोपाची मुळं मोजली होती. त्या पिकाचं पुढे काय होतं, ते कुणाच्या ताटात जातं, हे माझ्या कागदावर कुठेच नव्हतं.

निघताना अण्णांनी खिशातली छोटी वही काढून त्या गृहस्थांपुढे धरली. "ती म्हन लिहून द्या." त्यांनी चिनी अक्षरांत सावकाश लिहिली. अण्णांनी पान फाडलं, घडी घातली आणि पाकीट उघडलं. गेल्या हंगामाच्या उसाच्या वजनपावत्या आत तशाच होत्या. त्यांच्यात ते पान ठेवलं.