मेरिडनची बॉनव्हिल आणि वॉटर पेपर

इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीहून बर्मिंगहॅमकडे निघालं की वाटेत मेरिडन लागतं. ट्रायम्फच्या मोटारसायकली इथे बनायच्या. नोव्हेंबर १९४० मध्ये जर्मन बॉम्बहल्ल्यात कॉव्हेंट्रीतला कारखाना गेला, १९४२ ला मेरिडनला नवा उभा राहिला आणि १९८३ ला तोही बंद पडला. आता तिथे घरं आहेत. एका गल्लीचं नाव, ट्रायम्फच्या बॉनव्हिल या मॉडेलवरून, बॉनव्हिल क्लोज आहे.

त्याच कारखान्यातली एक बॉनव्हिल टी१४० सध्या माझ्या परसातल्या शेडमध्ये सुटी करून ठेवलेली आहे. इंजिनचं काम मार्गी लागलंय. हिवाळाभर हातात आहेत ती ॲल्युमिनियमची झाकणं: डावीकडचं प्रायमरी चेनचं लांबट, उजवीकडचं टायमिंगचं तिकोनी आणि त्यामागचं गिअरबॉक्सचं.

थंडीत रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून इथे मीठ पसरतात. ते ॲल्युमिनियमला खातं. आधी पांढरी भुकटी येते, ती खरवडली की खाली टाचणीच्या टोकाएवढे खड्डे दिसतात. माझ्या झाकणांवर आधीच्या कुणीतरी लॅकर, म्हणजे पारदर्शक रंग, मारलेलं होतं. त्याला कुठेतरी टवका गेला, पाणी आत शिरलं आणि लॅकरच्या खाली वाळवीच्या वाटेसारख्या बारीक नागमोडी रेषा पसरल्या. म्हणून पहिलं काम लॅकर काढायचं, तेही पेंट रिमूव्हरनेच. कॉस्टिक सोडा चुकूनही वापरू नका. त्यात ॲल्युमिनियमच विरघळतं आणि हायड्रोजन सुटतो.

मग वॉटर पेपर, म्हणजे ओला करून घासायचा पॉलिश पेपर. नंबर जितका मोठा, तितका कागद बारीक. चकाकी बफच्या, म्हणजे पॉलिश करायच्या मऊ, चाकावर येते असं सगळ्यांना वाटतं, पण ती कमवायची असते इथे. खड्डे असतील तिथे २४० नंबर, मग ४००, ६००, ८००, शेवटी १२००. साबणाचं पाणी, हाताला बेताचा दाब, आणि प्रत्येक नंबरला दिशा बदलायची. ४०० उभा फिरवला तर ६०० आडवा. आधीची एकही उभी रेघ शिल्लक आहे तोवर पुढचा कागद हातात घ्यायचा नाही. ओल्या धातूवर रेघा लपतात, म्हणून दर वेळी झाकण पुसून, कोरडं करून, दिव्याखाली तिरकं धरून बघायचं. चार वाजायच्या आत अंधारणाऱ्या इथल्या डिसेंबरात हा दिवा फार कामाचा. राहिलेली रेघ बफ पुसत नाही, उलट चकचकीत करून दाखवतो.

चाकाचं काम त्या मानाने थोडक्यात उरकतं. आधी सायझलचा (घायपाताच्या धाग्याचा) बफ, मग मऊ सुती, दोन्हींना वेगवेगळा साबण, म्हणजे चाकाला लावायची पॉलिशची वडी. झाकण चाकाच्या मध्याच्या खाली धरायचं आणि चाक कडेवरून बाहेर पळेल असं ठेवायचं. कडेत घुसलं तर ते झाकण हातातून हिसकावून भिरकावतं. सैल बाही, मफलर, ढिले हातमोजे नकोत. मास्क आणि गॉगल हवेतच. आणि ज्या ग्राइंडरवर लोखंड घासता, त्यावर ॲल्युमिनियम नको. बारीक भुकटीवर ठिणगी पडली की आग लागते. शेवटचा हात ऑटोसॉल या मेटल पॉलिशचा, चिंधीने. फटींत राहिलेला काळा चिकटा कॉर्नफ्लॉवरने छान ओढला जातो. लॅकर मी पुन्हा मारणार नाही. मेण लावायचं, आणि मिठाच्या रस्त्यावरून आल्यावर त्याच दिवशी साध्या पाण्याने धुवायचं.

सगळंच आरशासारखं करायचा मोह मात्र आवरा. मेरिडनला बाहेरची झाकणं पॉलिश व्हायची, क्रँककेस, म्हणजे इंजिनची खालची मुख्य पेटी, मात्र ओतलेली जशी यायची तशीच, खरबरीत आणि करडी. तिलाही चमकवलेल्या गाड्या इथल्या मेळाव्यांत दिसतात. मला त्या बघवत नाहीत. चमकती झाकणं उठून दिसतात ती शेजारच्या त्या करड्या भागामुळे.

तुमच्याकडे जुनी बुलेट असेल तर तिचीही बाहेरची झाकणं अशीच पॉलिशची. कोल्हापूरला उद्यमनगरात किंवा पुण्यात बफिंगला टाकताना गॅस्केटची (जिथे सील बसतं ती) बाजू टेपने झाका, आणि उठावाची अक्षरं नि कडा हाताने घासायला सांगा. चाकाखाली गोल झालेली कड परत धारदार करता येत नाही.