गिझरचा माणूस येऊन गेला

आज दुपारी ग्रेट निकोबारच्या कॅम्पबेल बेला परत आलो, जेट्टीपाशी फोनला रेंज आली. चार दिवसांनी. फोन हातात धरून तिथंच उभा राहिलो, म्हटलं आता धडाधड वाजेल. तीन मेसेज आले. एक बँकेचा, एक सोसायटीच्या ग्रुपवरचा की उद्या पाणी नाही, आणि एक हिचा. "गिझरचा माणूस येऊन गेला. 650 घेतले."

बास.

म्हणजे इकडे मी ग्रेट निकोबारच्या पार खालच्या टोकाला, समोर समुद्र आणि दीडशे-एक किलोमीटरवर थेट सुमात्रा, डोंगीत बसून जीव मुठीत धरलाय, नदीच्या तोंडाशी खाऱ्या पाण्यातल्या मगरी, आणि घरी गिझर. मी रागावलो वगैरे नाहीये. फक्त ते 650 दुपारपासून डोक्यातून जात नाहीयेत.

काम झालं तसं. खालच्या मशीनची बॅटरी बदलली, केबल उंदरांनी खाल्ली होती ती बदलली. हे मशीन जमीन किती सरकली ते मिलिमीटरमध्ये मोजतं. ते बंद पडलं तेव्हा दोन तासांत ऑफिसातून फोन आला होता, डेटा का येत नाही म्हणून. दोन तासांत! मग मला आधी विमानात आणि नंतर दोन दिवस जहाजात घालून इथं पाठवलं. माझा डेटा चार दिवस बंद होता.

रस्ता 35 किलोमीटरपर्यंत कसाबसा आहे, इथं गावांनासुद्धा किलोमीटरच्या आकड्यानंच ओळखतात. त्यापुढचा 2004 च्या सुनामीत गेला तो गेलाच. त्या भूकंपात इकडची जमीनच सव्वाचार मीटर खाली बसली. इंदिरा पॉइंटचं दीपगृह 1972 सालचं, जमिनीवर बांधलेलं, ते आता बुडाशी पाण्यात उभं आहे. किनाऱ्यालगत वाळलेले बुंधे खाऱ्या पाण्यात ताठ उभे, पांढरे पडलेले, कोणी तोडलेले नाहीत आणि पडतही नाहीत. डोंगीवाला तिथून जाताना इंजिन हळू करतो. त्याचं कोण गेलं होतं ते विचारलं नाही मी. विचारायला हवं होतं का कळत नाही.

इथल्या गलाथियाच्या उपसागरात मोठं बंदर होणार आहे, त्यावर लिहायचं होतं. आज नाही.

काल रात्री कासव बघितलं. लेदरबॅक. मला वाटलं होतं मोठं म्हणजे परातीएवढं, तर ती आमच्या डायनिंग टेबलाएवढी निघाली, पाठ कवचाची नाही, चामड्यासारखी, तिच्यावर लांब उभ्या रेषा. मागच्या पायांनी खड्डा काढत होती, इतकं हळू आणि नीट की मला आईचं परसात आळं करणं आठवलं. सगळे गप्प. वाळूतल्या माश्या पाय फोडत होत्या तरी कोणी हललं नाही. अंडी घातली, वाळू लोटली, गेली. मग जंगल खात्याचा पोरगा कुजबुजत सांगायला लागला की वर लिटल अंदमानला अशा काही कासवांच्या पाठीवर ट्रान्समीटर लावले होते, एखादी ऑस्ट्रेलियाकडे गेली, एखादी पार मोझांबिकपर्यंत. सॅटेलाइटवर दिसायचं म्हणे कुठं पोचली ते.

आणि मला, त्या काळोखात, इतक्या सुंदर जागी, पहिला विचार काय आला असेल तर कासवाचा हेवा वाटला. तिची कोणीतरी नोंद ठेवतं. ती पोचली का बघतं. वय वर्षं 47.

आज चहाला आजींच्या टपरीवर गेलो. साताऱ्याकडच्या, मालक मिलिटरीतून रिटायर झाले आणि सत्तरच्या दशकात सरकारनं माजी सैनिकांना इथं जमिनी दिल्या तेव्हा आल्या. मराठी अजून तिकडचंच, मध्येच हिंदी. मला बघून म्हणाल्या, "आरं, चार दिस झालं, वाट बगतीया तुजी." खोटं कशाला बोलू, घसा दाटून आला. आख्ख्या जगात एक बाई, तीही रक्ताची ना नात्याची. मी म्हटलं, आजी, खाली गेलो होतो, रेंज नव्हती. त्या म्हणाल्या, "त्ये कळलं. जाताना सत्तर रुपये ऱ्हायलं व्हतं तुजं."

मी इतका हसलो की शेजारच्यानं चहा सांडला.

दिले सत्तर. वर एक भजी प्लेट घेतली, ती खाताना सावकाश आठवलं की निघताना हिला मीच म्हणालो होतो, मुद्दाम जरा कंटाळलेल्या आवाजात, "तिकडे रेंज नसते, उगाच फोन करत बसू नकोस." नाही बसली. आणि पोर्ट ब्लेअरला रेंज फुल होती तेव्हा मी तरी कुठं केला होता. आईला तर मी निकोबारला आलोय हेच माहीत नाही. दादाचं जाऊ दे.

रात्री हिला मेसेज केला. पाच-सहा वेळा लिहून खोडला. आधी कासवाचं लिहिलं, मग वाटलं फोनवर सांगावं, मग बुंध्यांचं लिहिलं, तेही खोडलं. शेवटी पाठवलं, "650 जास्त घेतले."

लगेच उत्तर आलं. एवढ्या रात्री जागी होती म्हणजे.

"मग तू थांबायचंस."