प्रवासाचा रकाना

बँकॉकहून नुकत्याच परतलेल्या भाच्याचा डेंग्यूचा रिपोर्ट आज पॉझिटिव्ह आला. लॅबच्या फॉर्मवर नाव, वय, मोबाइल, अगदी उपाशीपोटी की जेवून, हेसुद्धा विचारले होते. परदेश प्रवासाचा रकाना मात्र नव्हता.

२००७ साली केरळहून इटलीत गेलेल्या, ताप आलेल्या एका पाहुण्यापासून तिथे चिकुनगुन्या पसरला आणि स्थानिक डासांनी तो सुमारे दोनशे जणांपर्यंत पोहोचवला.

आपल्याकडे डेंग्यू आधीपासूनच आहे, हे खरे. पण त्याच्या विषाणूचे चार प्रकार आहेत आणि एक होऊन गेल्यावर दुसरा झाला, तर आजार गंभीर होण्याचा धोका वाढतो. डेंग्यूसाठी नेहमी करतात त्या एनएस-१ या रक्तचाचणीत तो प्रकार कळत नाही. भाचा मच्छरदाणीत झोपला आहे. त्याने कोणता प्रकार आणला, याची नोंद कोण घेणार?